प्रौढांचे शुद्धलेखन आणि वाचनाची सवय



चौथी उत्तीर्ण होऊन वीस-पंचवीस वर्षे लोटलेला शेतकरी अर्ज लिहावयास बसतो आणि पहिल्याच ओळीत अडखळतो. 'जमीनीचा' की 'जमिनीचा'? चूक झाल्यास हसे होईल या भीतीने तो कागद दुसऱ्यापुढे सरकवितो आणि त्याने लिहिलेल्या मजकुराखाली मुकाट्याने सही करतो. शुद्धलेखनाचा प्रश्न केवळ परीक्षेतील गुणांचा नाही, तो असा व्यवहाराचा आहे.

नियमांची उणीव नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले; १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. परंतु नियम पाठ केल्याने लेखन शुद्ध राहतेच असे नाही. 'वकील' या शब्दाचे 'वकिलाला' होते. 'शरीर' मात्र संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून 'शरीराला'. लिहिताना शब्दाचे मूळ शोधीत कोणी बसत नाही. ज्याने तो शब्द अनेकदा वाचलेला असतो, त्याच्या डोळ्यांना चुकीचे रूप आपोआप खटकते.

कानाची मदत येथे तोकडी पडते. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. बोलण्यात दोन्ही बहुधा सारखेच ऐकू येतात. घरी 'पानी' ऐकणाऱ्या मुलाला 'पाणी' हे रूप पुस्तकातच भेटते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा आणि उदगीर-निलंग्याकडे कानडीचा शेजार. तेथे कित्येक मुलांची घरची भाषाच निराळी. शिवाय १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीत उच्च शिक्षण उर्दूतून चाले. त्या पिढीच्या नजरेखालून मराठी मजकूर कमीच गेला.

म्हणून शिक्षकांनी पुढील गोष्टी कराव्यात. मुलाच्या बोलीची थट्टा करू नये. बोली अशुद्ध नसते, लेखनाचा संकेत तेवढा वेगळा असतो. शब्द त्याच्या रूपांसह शिकवावा : जमीन, जमिनीचा, फूल, फुलाला. शब्द नीट पाहावा, झाकावा, लिहावा आणि मुलाने स्वतःच पडताळावा. रोज दहा मिनिटे पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन ठेवावे आणि पुस्तके कपाटात बंद न ठेवता घरी न्यावयास द्यावीत. मुलाने ती संध्याकाळी वडीलधाऱ्यांपुढे वाचली, तर जुने अक्षर विसरत चाललेले आई-वडीलही पानाकडे वळतील.

चौथीनंतर शाळा सुटेल, पण वाचन सुटू नये. मग आजचा विद्यार्थी उद्या आपला अर्ज आपल्याच हाताने लिहील आणि काय लिहिले आहे ते जाणून सही करील.