विहिरीची खतावणी



आपण नंदनवनात राहणारी माणसे. नळ सोडला की पेंच-कन्हानचे पाणी येते, म्हणून विहिरीशी आपला संबंध सुटला असे आपण समजतो. परंतु कळमन्याच्या बाजारातून आपण जी संत्री घरी आणतो, ती बहुधा काटोल-नरखेड किंवा वरूड-मोर्शीकडच्या विहिरींचेच पाणी पिऊन वाढलेली असतात. तिकडचा खडक बव्हंशी काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात जे साठेल तेवढेच पाणी. त्यातून आंबिया बहाराला ऐन उन्हाळ्यात ओलीत हवे. विहीर आटली की बोअर, बोअर आटले की त्याहून खोल बोअर, असा क्रम तेथे चालत आला आहे.

हे पाणी किती उरले, याचे गणित मांडता येते काय? हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी कसे वाहते याचा नियम १८५६ साली प्रसिद्ध केला. संगणकावर आज भूजलाची जी प्रतिमाने रचतात, ती त्याच नियमावर उभी आहेत. सूत्रांची वाण नाही. वाण आहे ती आकड्यांची.

राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. पण पातळी म्हणजे केवळ शिल्लक. एका दुकानाची जमा १००० आणि खर्च ११००. दुसऱ्याची जमा ५००, खर्च ६००. दोघांची तूट १००च. नुसती शिल्लक पाहणाऱ्याला दोन्ही दुकाने सारखी दिसतील. मात्र तूट भरून काढण्यासाठी पहिल्याने खर्चाचा अकरावा हिस्सा कमी केला तरी पुरे. दुसऱ्याला सहावा हिस्सा सोडावा लागेल. हा फरक कागदावरचा नव्हे. कोणाच्या बागेतली किती झाडे वाचतील, हे त्यावर ठरते.

जमेचा आकडाही असाच निसटता आहे. पावसाने पातळी ५ मीटर चढली आणि खडकातून निथळू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या २ टक्के धरले, तर हेक्टरी १० लाख लिटर पाणी मुरले असे निघते. तेच प्रमाण १ टक्का धरा, ५ लाख होतात; ३ टक्के धरा, १५ लाख! विहीर तीच, पाऊस तोच.

मग प्रतिमान निरुपयोगी ठरते काय? आम्हांस तसे वाटत नाही. जाणता अभ्यासक एकच उत्तर छातीठोकपणे सांगत नाही. शक्य तितक्या निरनिराळ्या आकड्यांनी तो तेच गणित अनेकदा मांडतो, मोजलेल्या पातळ्यांशी न जुळणारी उत्तरे टाकून देतो आणि उरलेली सारी समोर ठेवतो. त्या साऱ्यांत जे समान निघेल त्यावर विसंबावे. जेथे फाटे फुटतील, तेथे कोणते मोजमाप कमी पडते आहे हे ओळखावे.

आणि बहुधा कमी पडतो तो उपशाचाच आकडा. कित्येक कृषिपंपांना मीटर नाही. मात्र पंप किती तास चालला, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. ते तास वहीत मांडले आणि घागरी-पिंपांनी पंपाची धार एकदा मोजून घेतली, तर खर्चाची बाजू उजेडात येते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पावसाच्या मानाने पिके ठरवून दाखविली. २०१९ साली सुरू झालेल्या अटल भूजल योजनेतही गावोगावी पाण्याचे अंदाजपत्रक करण्यावर भर होता. मात्र वही एकट्यादुकट्याची असून भागत नाही. खडकाला बांध ठाऊक नाहीत. शेजाऱ्याचा उपसा आपल्याही विहिरीत उतरतो.

शेतकऱ्याने आपला उपसा उघड करावा, असे आपण सहज म्हणतो. त्याला भीती वाटते, की हाच आकडा उद्या बंदी घालायला वापरला जाईल. ती भीती निराधार नाही. म्हणून आकडे देणाऱ्याच्या हाती त्यांवरून निघालेले उत्तर आधी पडले पाहिजे, आणि उपसा किती कमी करायचा हे ठरविताना गावाचे मत घेतले पाहिजे. एवढा विश्वास निर्माण झाला, तर अपुऱ्या आकड्यांतूनही पुरेसा शहाणपणा काढता येईल. तो नसेल, तर जगातला सर्वांत मोठा संगणकही कोरड्या विहिरीत डोकावल्यासारखाच.