कदमांची सुलोचना



या व्यासपीठावरून तुम्ही इतिहास ऐकलात, शेती ऐकलीत, संतवाङ्मय ऐकलेत. मी आज एका जुन्या तबकडीविषयी बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा आपले चिटणीस जरा गप्प राहिले आणि मग म्हणाले, "लावणीवर बोलणार, म्हणजे बायका येतील ना ऐकायला?" समोर पाहतो तो बायकाच अधिक दिसत आहेत. तेव्हा ती काळजी मिटली.

आणि सोलापूरच्या मुलखात लावणीला हलके म्हणायचे तरी कोणत्या तोंडाने? रामजोशी याच सोलापूरचे. १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' हा राजकमलचा चित्रपट आला, माडगूळकरांची गीते आणि वसंत देसाईंचे संगीत घेऊन. त्या चित्रपटाने लावणी पुष्कळ घरांच्या उंबरठ्यापर्यंत आणली. उंबरठ्याच्या आत ती यायला आणखी काही वर्षे लागली.

आमच्या घरातली गोष्ट सांगतो. रेडिओ होता तो आजोबांच्या हुकमतीखाली. बातम्या, भजने आणि बाजारभाव एवढ्यापुरता. 'आपली आवड'मध्ये सुलोचना चव्हाणांची लावणी लागली की आजोबा नुसते खाकरत, आणि आई मुकाट्याने कळ फिरवी. आजोबा शेतावर गेले की तीच आई भाकरी थापताना त्याच लावणीच्या ठेक्यावर हात टाकी. आजीला कानडीच अधिक जवळची; पण ढोलकीला भाषा लागत नाही, तीही मान हलवी. त्यामुळे सुलोचनाबाईंचा आवाज म्हणजे चोरून ऐकायचा आवाज, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

पुढे पुष्कळ वर्षांनी सोलापुरात एका भंगारवाल्याकडे लाखेच्या तबकड्यांची चळत दिसली. दहा इंची, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या. बऱ्याचशा तडकलेल्या. एक धड होती. 'ढोलक' या चित्रपटातील गाणे, साल १९५१, संगीत श्यामसुंदर. गायिका, सुलोचना कदम. ही कोण, मला ठाऊक नव्हते. ढोलक हे नाव वाचून घेतली, म्हटले आत काहीतरी ठसकेबाज असेल.

घरी येऊन सुई टेकवली. आधी खरखर, मग एक कोवळा, थोडा दबलेला, दुखऱ्या जागेला हात न लावता तिच्याभोवती फिरणारा आवाज. ठसका नाही, ललकारी नाही. शब्द उर्दू वळणाचे, उच्चार स्वच्छ. तीन मिनिटांत गाणे संपले. मी पुन्हा लावले. तिसऱ्यांदा एका ओळीच्या शेवटी अक्षर तोडण्याची एक लकब कानाला लागली, आणि माझ्या अंगावर काटा आला. ही लकब मी ओळखत होतो. आईच्या भाकरीच्या ठेक्यात ती होती.

सुलोचना कदम म्हणजेच सुलोचना चव्हाण. जन्म १९३३ सालचा, मुंबईत गिरगावातील फणसवाडीत वाढलेली मुलगी. गाण्याची रीतसर तालीम नाही; मेळ्यातले काम आणि घरातला ग्रामोफोन एवढीच शाळा. वत्सलाबाई कुमठेकरांची लावणीची तबकडी ती पुन्हापुन्हा ऐके आणि त्यापायी घरच्यांचा राग सोशी. म्हणजे आमच्या घरासारखेच फणसवाडीतही चालू होते, हे वाचून मला फार बरे वाटले!

१९४७ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, 'कृष्ण सुदामा' या हिंदी चित्रपटासाठी ती पहिल्यांदा गायली. त्या काळचे ध्वनिमुद्रण म्हणजे काय, याची आज कल्पना येत नाही. गाणारी आणि वाजवणारे एकाच वेळी, एकाच दमात. कुणाचा एक सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. आज तुकडे जोडून गाणे उभे करतात. तिथे जोडायला काही नव्हते. म्हणून त्या तबकडीत जो श्वास ऐकू येतो तो खरोखरीचा श्वास आहे, पुढल्या ओळीच्या धास्तीसकट.

मग ही मुलगी लावणीकडे वळली कशी? आचार्य अत्र्यांच्या 'हीच माझी लक्ष्मी' या चित्रपटात हंसा वाडकरांसाठी तिने लावणी गायली. लावणीसम्राज्ञी ही पदवीही अत्र्यांचीच. १९५३ मध्ये दिग्दर्शक श्यामराव चव्हाणांशी विवाह झाला. लावणीत शब्द कसा फेकायचा, कुठे दाबायचा, कुठे सोडायचा, हे आपण पतीकडून शिकलो, असे त्या नेहमी सांगत. १९६२ साली 'रंगल्या रात्री अशा' आला. जगदीश खेबुडकरांचे शब्द, वसंत पवारांचे संगीत. त्यानंतर 'सवाल माझा ऐका', 'मल्हारी मार्तंड'. पुढचे तुम्हाला पाठ आहे, मी सांगायला नको.

पण एक गोष्ट त्यात हरवली. कदमांची सुलोचना हरवली. लग्नाने आडनाव बदलले, आणि तबकड्यांवरचे नाव एकीकडे, रेडिओवरचे नाव दुसरीकडे राहिले. त्यात सुलोचना नावाची गर्दी! मूकपटांतली रूबी मायर्स ती सुलोचना, आपल्या मराठी पडद्यावरची सोशिक आई तीही सुलोचना. तबकड्या जमवणारा एखादा हिंदी रसिक 'कदम' जपून ठेवतो आणि त्याला 'चव्हाण' ठाऊक नसते. आपल्याला 'चव्हाण' ठाऊक, 'कदम' नाही. एकाच बाईची दोन गाणी एकमेकांना ओळख देत नाहीत. पुरुष गवयाच्या बाबतीत असे सहसा घडत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

काही रसिक मला म्हणतात, ती सुरुवातीची गाणी म्हणजे उमेदवारी. खरी बाई पुढे सापडली. मला हे पटत नाही. त्या हळव्या गाण्यांत तिने शब्दाला जपणे शिकून घेतले होते. लावणीत हा जपणूकीचा भाग राहिला म्हणून तिचा शृंगार कधी बाजारी झाला नाही. ढोलकी कितीही तापली तरी अक्षर भाजत नाही. ऐकून पाहा. आणि ही बाई मंचावर उभी राहिली की डोक्यावर पदर, दोन्ही खांदे झाकलेले, हात जागच्या जागी. महाराष्ट्र जिच्या गळ्यावर नाचला ती स्वतः एक पाऊल हलवत नसे. पडद्यावर नाचणारी निराळी, गाणारी निराळी. पण नाच आधी गळ्यात व्हावा लागतो, पाय मागाहून येतात.

'माझं गाणं... माझं जगणं' या आत्मचरित्रात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १० डिसेंबरला त्या गेल्या. बातमी आली तेव्हा आईला मी ती १९५१ ची तबकडी लावून दाखवली. नाव सांगितले नाही. आई आता थकली आहे, कान कमी झालेत. गाणे संपेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही आपलीच आहे रे. पण हिला अजून कुणी रागावलेलं दिसत नाही."

मी पुष्कळ विचार केला त्या वाक्याचा. मला अजून नीट उलगडलेले नाही.

असो. ग्रामोफोन मी बरोबर आणला आहे. चावी देऊन ठेवली आहे, सुई नवी आहे. मागच्या मंडळींनी थोडे पुढे सरकून बसावे, कारण या यंत्राचा आवाज कर्ण्याइतकाच. अध्यक्षांची परवानगी असेल तर लावतो.