एका पंगतीतली उपासना

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला जादा इंजिनं जोडतात आणि मग ती घाट चढू लागते. कर्जत-खालापूरची कितीतरी मुलं शिक्षणासाठी हाच घाट चढून गेली. परक्या गावात, परक्या धर्माच्या शेजारात आपल्या मुलाची श्रद्धा टिकेल ना, ही काळजी घरच्यांना असतेच. आपल्यालाही ती ठाऊक असेल.

पुण्याला तर ती फार जुनी. १८९० साली पंच हौद मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींपुढे चहा आला. मिशन अँग्लिकन पंथाचं. त्या चहाने शहर ढवळून निघालं; गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली!

याच पंथाचे एक धर्मोपदेशक, जॅक विन्स्लो, यांनी १९२२ साली अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघ काढला. पुढे १९२८च्या सुमारास संघाचा आश्रम पुण्यात शिवाजीनगरला उभा राहिला. तिथे विद्यार्थ्यांच्या राहण्याचीही सोय होती, आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही दार उघडं होतं. इंग्रज आणि हिंदी बंधू खादी नेसत, जमिनीवर मांडी घालून एका पंगतीत शाकाहारी जेवण घेत. राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस शेजारच्या पाटावर बसतो, हे त्या काळी लहानसहान नव्हतं.

आता उपासना म्हणजे काय, ते पाहा. ठरल्या वेळी प्रार्थनेला बसणं, ही झाली तिची अर्धी बाजू. विन्स्लो यांचा आग्रह असा, की हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती माणसाची उपासना याच मातीतली असावी. १९२० सालीच त्यांनी तसं लिहिलं होतं. उरलेली अर्धी बाजू प्रार्थनेहून उठल्यावर सुरू होते. कोण कोणाला वाढतो, आजारी सोबत्याच्या उशाशी कोण बसतो, यात ती दिसते. वसतिगृहात हे लपत नाही. प्रवचन ऐकून मुलं विसरतात. शेजारच्या खोलीतला माणूस कसा वागतो, ते विसरत नाहीत.

१९७० साली नागपुरात उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि इथला अँग्लिकन पंथ त्यात सामील झाला. पण वसतिगृहं आहेत, मुलंही आहेत. तेव्हा मुलाला निरोप देताना ‘आपलं सांभाळ’ एवढंच सांगू नका. ‘शेजाऱ्याची प्रार्थना चालली असेल तर आवाज करू नकोस, आणि तो उपाशी असेल तर त्याला आधी वाढ,’ हेही सांगा. श्रद्धा त्याने उणावत नाही.