‘काश्मीर प्रिन्सेस’चे नॅव्हिगेटर

लांब पल्ल्याच्या हवाई प्रवासात पूर्वी वैमानिकाच्या जोडीला नॅव्हिगेटर असे. विमान त्या घटकेला पृथ्वीवर नेमके कोठे आहे हे गणिताने ठरवून पुढची दिशा सांगणे, हे त्याचे काम. या विद्येचा दबदबा निर्माण झाला तो १९३१ मध्ये, जेव्हा टास्मानियात जन्मलेल्या हॅरॉल्ड गॅटी यांच्या आकडेमोडीच्या भरवशावर वायली पोस्ट यांनी नऊ दिवसांच्या आत विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलची मुंबई–लंडन सेवा सुरू झाली, आणि भारतीय नॅव्हिगेटरांपुढेही समुद्रापारचे आकाश खुले झाले.

हे स्थान ठरवायला ताऱ्यांचा आधार असे. उदाहरणार्थ, सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावरील गावाच्या शिवारातून ध्रुवतारा क्षितिजापासून जवळजवळ २० अंश उंच दिसतो. ताऱ्याची उंची मोजून अक्षांश काढण्याचे तत्त्व एवढेच आहे. ही उंची सेक्स्टंट या कोनमापक यंत्राने मोजली जाई, आणि आकाशातून क्षितिज स्पष्ट दिसेलच असे नसल्याने हवाई सेक्स्टंटमध्ये गवंड्याच्या लेव्हलबाटलीत असतो तसा बुडबुडा बसवलेला असे. मोजणीत एका अंशाची चूक म्हणजे नकाशावर सुमारे १११ किलोमीटरची चूक. शिवाय ताशी ५० किलोमीटरचा आडवा वारा विमानाला तासाभरात तेवढेच बाजूला सारतो, म्हणून वाऱ्याचा हिशेबही सतत ठेवावा लागे.

११ एप्रिल १९५५ रोजी बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या चिनी शिष्टमंडळातील सदस्यांना घेऊन हाँगकाँगहून जाकार्ताकडे जाणाऱ्या ‘काश्मीर प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाचे कॅप्टन डी. के. जटार होते आणि नॅव्हिगेटर जे. सी. पाठक. दक्षिण चीन समुद्रावर विमानात लपवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला, आग पसरली, तरीही बिनतारी यंत्रणा बंद पडण्यापूर्वी नातुना बेटांजवळचे आपले स्थान कळवणारे तीन संकटसंदेश पाठवले गेले. स्वतःचे स्थान ठाऊक नसलेल्या विमानाला असा संदेश देताच येत नाही. जटारांच्या धैर्याबरोबर नॅव्हिगेटरच्या विद्येचीही आठवण व्हायला हवी ती यासाठी. विमानातील १९ जणांपैकी पाठक, सहवैमानिक एम. सी. दीक्षित आणि अभियंता ए. एस. कर्णिक एवढेच वाचले. या कर्मचाऱ्यांच्या शौर्याचा पुढे अशोकचक्र सन्मानाने गौरव झाला आणि कर्णिकांनी त्या दिवसाची हकिगत पुस्तकरूपाने लिहिली.

१९७० च्या दशकात, विमानाच्या हालचालीवरूनच त्याचे स्थान काढणारी जडत्वाधारित यंत्रणा मोठ्या जेट विमानांत रुळली, तेव्हा वैमानिककक्षातील नॅव्हिगेटरची खुर्ची काढण्यात आली.