मधुर घरकुल

ज्या जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात मध आणि दालचिनी, लवंग आदी मसाल्यांचे लेबकूखन नावाचे जिंजरब्रेड भाजणाऱ्या कारागिरांच्या स्वतंत्र श्रेणीला १६४३ साली मान्यता मिळाली, त्याच देशात ग्रिमबंधूंच्या १८१२ सालच्या लोककथासंग्रहातील हॅन्सेल व ग्रेटेल या खाऊच्या घराच्या कथेचा प्रसार झाल्यावर, नाताळात जिंजरब्रेडची घरे रचण्याची रम्य प्रथा रूढ झाली.

असे घर रचण्यासाठी सुंठ व मध घालून मळलेले घट्ट पीठ सारख्या जाडीचे लाटून, कागदी नमुन्याबरहुकूम भिंती व छपराचे तुकडे कापून भाजावेत. ते पूर्ण निवाल्यावर, अंड्याचा पांढरा बलक व पिठीसाखर फेटून केलेल्या लेपाने प्रथम चारही भिंती सांधाव्यात, आणि हा लेप काही तास वाळून कठीण झाल्यावाचून छपराचा भार त्यांवर कदापि घालू नये. सजावटीचा अधिकार मात्र सर्वस्वी मुलांकडे सोपवावा. कारण या उद्योगाचे खरे प्रयोजन कुटुंबाचा एकत्र आनंद हेच आहे.