परवाना येईपर्यंत
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



ट्रस्टच्या उद्योग-निधीतून कर्ज घेऊन ज्यांनी धंदा सुरू केला, त्यांनी आपला अनुभव सांगावा अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही तिघे भागीदार. आमचा धंदा ड्रोनने छायाचित्रे काढण्याचा. पण आज आमची स्थिती अशी की दुकानावर पाटी आहे, कपाटात यंत्र आहे, आणि शहरावर उडण्याची परवानगी मात्र अद्याप वाटेवर आहे. तेव्हा यशाची कथा सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. वाट पाहण्याच्या काळात धंदा कसा उभा राहतो, एवढेच सांगता येईल.

प्रथम कायद्याची बाजू. आपल्या देशात ऑक्टोबर 2014 मध्ये खाजगी ड्रोन उडविण्यास मनाई झाली आणि 1 डिसेंबर 2018 पासून नियमांच्या चौकटीत ते उडू लागले. सध्याचे नियम 25 ऑगस्ट 2021 चे. त्यांनी अर्जांचे नमुने 25 वरून 5 वर आणले, ही मोठीच सोय झाली. 250 ग्रॅमपर्यंतचे यंत्र ‘नॅनो’, त्यावर 2 किलोपर्यंतचे ‘मायक्रो’. मायक्रो यंत्र हौसेखातर उडविणाराला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. पण त्यावर चार पैसे मिळवायचे म्हटले की लागते. त्यासाठी वय 18 ते 65, शिक्षण दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण, एवढे पुरते. प्रमाणपत्र 10 वर्षे चालते. याखेरीज यंत्राची नोंदणी हवी आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा हवा. नियम मोडल्यास दंड 1 लाख रुपयांपर्यंत.

यंत्र घेतानाही डोळे उघडे ठेवावे लागतात. 9 फेब्रुवारी 2022 पासून परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. बाजारात कोणी स्वस्तात परदेशी यंत्र पुढे करील. पण नोंदणी होत नसेल तर ते यंत्र कपाटातच शोभायचे. आम्ही प्रमाणपत्रप्राप्त देशी यंत्र घेतले. ते महाग पडले, पण झोप सुखाची लागते.

हे सारे झाले तरी आभाळ मोकळे होत नाही. सरकारने आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे पाडले आहेत. हिरव्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या टापूत ही मर्यादा 200 फुटांवर येते. त्याहून जवळ पिवळा किंवा लाल पट्टा. पिवळ्यात विमान-नियंत्रकांची परवानगी, लाल पट्ट्यात केंद्र सरकारची. आता आपले वडोदरा डोळ्यांपुढे आणा. एका अंगाला हरणीचा विमानतळ, दुसऱ्या अंगाला मकरपुऱ्याचे हवाई दलाचे ठाणे. मांडवी, सुरसागर, म्हणजे गिऱ्हाइकाला जे हवे ते नेमके याच कचाट्यात. म्हणून आमचे घोडे अडले आहे.

मग आम्ही काय करतो? तीन गोष्टी करतो.

पहिली, परवानगीवाचून होणारे काम. उंच काठीवर कॅमेरा बसवून वास्तूंची छायाचित्रे घेतो, लग्नसमारंभांचे जमिनीवरचे चित्रण करतो, जुन्या छायाचित्रांची दुरुस्ती करतो. दुकानाचे भाडे यातून निघते. दुसरी, शहराबाहेरचे काम. पादरा, डभोईकडे शेतांची व बांधकामांची चित्रे घेतो. मात्र निघण्यापूर्वी त्या दिवशीचा नकाशा पाहतो. कारण राज्य सरकारला एखादा भाग 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल ठरविता येतो. मे 2025 मध्ये सीमेवर तणाव असताना गुजरातेत 15 तारखेपर्यंत समारंभांत ड्रोन उडविण्यास मनाई झाली होती, ती ऐन लग्नसराईत. तिसरी, अभ्यास. एकमेकांवर येणारी शेकडो चित्रे जोडून जमिनीचा मापात बसणारा नकाशा कसा करावा, ते शिकतो. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोननेच झाली. लग्नाची हौस दोन महिन्यांची; मोजणीचे काम बारमाही.

या शहराला हे नवे नाही. इथल्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचे दुकान थाटले, पुढे नकाशे काढले, छापखाना चालविला, आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. मधल्या काळातले एकही काम त्यांना वाया गेले नाही. त्यांच्याशी आमची बरोबरी नव्हे. पण धीर धरायला थोरांचे उदाहरण घ्यावे.

आता ट्रस्टकडे आणि आपणांकडे दोन मागणी आहेत. विश्वस्तांना विनंती अशी की परवान्यावर अवलंबून असलेल्या धंद्याला कर्ज देताना हप्ते यंत्र-खरेदीपासून न मोजता काम सुरू झाल्यापासून मोजावेत. मधल्या काळात फक्त व्याज घ्यावे. आमचा हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू आहे, तो आम्ही काठीच्या कॅमेऱ्यावर फेडतो आहोत. पण ज्याच्या घरी दुसरे मिळवते माणूस नाही, असा मुलगा काय करील? हप्त्याच्या धास्तीने तो एके दिवशी मांडवावर यंत्र उडवील, आणि दंडाबरोबर ट्रस्टची रक्कमही बुडेल.

आणि आपणांस, काकामंडळी, मावशीमंडळी, विनवणी अशी की “पाच मिनिटे उडव रे, कोण बघतो!” असे आम्हांला म्हणू नका. आपल्या माणसाला नाही म्हणणे फार जड जाते. वरून यंत्र कोसळले तर खाली आपलीच मुले खेळत असतात. जे काम परवानगीवर अवलंबून आहे, त्याची आगाऊ रक्कम आम्ही घेत नाही, तारीखही कबूल करीत नाही. त्यामुळे काही गिऱ्हाइके गेली. जी राहिली ती विश्वासाची आहेत.

परवानगी आज येईल, उद्या येईल. ती आल्यावर उडण्याजोगे आपण असावे, एवढेच आपल्या हाती आहे. ट्रस्टने आमच्यावर भरवसा टाकला, तो या वाट पाहण्याच्या दिवसांतही सांभाळू, असे अभिवचन देऊन आम्ही आपली रजा घेतो.