किळस आणि पक्वान्न



'जगातील चमत्कारिक पक्वान्ने' हा विषय मजकडे आला तेव्हा थोडी शंका वाटली. वैशाखातल्या नागपुरात, दिवस मावळला तरी अंगाची काहिली थांबत नाही अशा वेळी, अळ्या पडलेल्या चीजच्या आणि नासक्या मासळीच्या गोष्टी ऐकायला कोण येणार? आपण तर एवढ्या संख्येने आला आहात. किळस माणसाला दूर लोटते तशी जवळही ओढते, असे दिसते.

लांबचा प्रवास आधी उरकून घेऊ. इटलीच्या सार्डिनिया बेटावर मेंढीच्या दुधाचे 'कासू मार्झू' नावाचे चीज करतात. त्यात माश्यांना मुद्दाम अंडी घालू देतात. अळ्या ते आतून पोखरून लोण्यासारखे मऊ करतात आणि खाणारा पुष्कळदा अळ्यांसकटच भाकरीवर घेतो. त्याच्या विक्रीला कायद्याने बंदी आहे. पण घरचा पदार्थ कायद्याला विचारून थोडाच होतो! स्वीडनमध्ये हेरिंग नावाची मासळी अगदी कमी मिठात आंबवतात. डब्यात भरल्यावरही ती आंबतच राहते, त्यामुळे डबा फुगतो, आणि तो घरात न उघडता अंगणात उघडावा असा तेथील शहाण्यांचा सल्ला आहे. आइसलंडची तऱ्हा याहून निराळी. तिकडच्या समुद्रातील एका मोठ्या शार्कचे मांस ताजे खाल्ले तर विषबाधा होते. म्हणून ते वाळूखडीत कित्येक आठवडे दडपून ठेवतात आणि मग हवेत टांगून महिनोन् महिने वाळवतात. विष जाते, पण अमोनियाचा उग्र दर्प राहतो. तो दर्प हीच त्यांच्या मते त्या पदार्थाची खुमारी!

या मंडळींना वेडे ठरवणे सोपे आहे. परंतु जेथे हिवाळा संपता संपत नाही आणि मीठ जपून वापरावे लागते, तेथे हाती आलेले अन्न टिकवायचे कसे, हाच घरातल्या बाईपुढचा खरा प्रश्न असतो. आपल्या गच्च्यांवर या दिवसांत कुरडया, सांडगे आणि पापड वाळत असतात, कोकणात बोंबील वाळत असतात, ते याच हिशेबाने.

आता थोडे उलट करून पाहू. आपल्या फोडणीतल्या हिंगाला जर्मन भाषेत 'सैतानाची विष्ठा' अशा अर्थाचा शब्द आहे. व्यालेल्या गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आपण वेलदोडे घालून कौतुकाने वाटतो. कित्येक परदेशी माणसांना ती कल्पनाच सोसत नाही. आणि बर्फीवरचा चांदीचा वर्ख? तो जनावराच्या आतड्यांच्या पापुद्र्यांत ठेवून कुटण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत होती. वर्खासाठी प्राणिजन्य वस्तू वापरू नयेत असा सरकारी नियम झाला तो 2016 साली. तोवर कितीतरी सोवळ्या पंगतींत ती बर्फी वाढली गेली, आणि कोणाच्या सोवळ्याला धक्का लागला नाही. ठाऊक नव्हते एवढेच.

सार्डिनियाला जाण्याचीही गरज नाही. आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या जंगलात, माडिया लोक तांबड्या मुंग्यांची चटणी करतात. पलीकडे बस्तरमध्ये तिला 'चापडा' म्हणतात. ही मुंगी झाडाची पाने ओढून एकमेकांना जोडते आणि आपल्याच अळ्यांच्या रेशमाने ती शिवून घरटे करते. तिच्या अंगात जे आम्ल असते त्यामुळे मीठ-मिरचीबरोबर वाटलेल्या चटणीला लिंबासारखा आंबटपणा येतो. जेथे लिंबू नाही, तेथे निसर्गाने झाडावर टांगून ठेवलेली ही आंबटाची पुडीच म्हणायची. ओडिशात मयूरभंजकडच्या अशाच चटणीला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून शहरी वर्तमानपत्रे तिचे गुण गाऊ लागली. मुंगी तीच, चटणी तीच. कागदावर शिक्का उमटला.

आपल्या शहरातही हे घडलेले आहे. सावजी जेवण हे मुळात नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचे जेवण. जवसाचे तेल, डोळ्यांतून पाणी काढणारा मसाला, आणि त्यात बोकडाचे खूर, भेजा, आतड्यांची 'सुंदरी'. मानाच्या ताटात ज्या भागांना जागा नव्हती ते भाग विणकराच्या चुलीवर शिजले आणि रुचकर झाले. आज परगावचा पाहुणा नागपुरात उतरला की सावजीचीच चौकशी करतो. मात्र 'सुंदरी' म्हणजे काय हे त्याला पहिल्या घासाआधी सांगायचे की नंतर, हे यजमानाने आपापल्या पाहुण्याचा स्वभाव पाहून ठरवावे.

येथवर सारे गमतीने चालले. यापुढचे तसे नाही.

युरोपातील धनिकांत एक रीत होती. शिकार केलेला फेझंट पक्षी ते लगेच शिजवीत नसत. टांगून ठेवीत, आणि त्याला वास सुटू लागला म्हणजे तो खाण्यायोग्य झाला असे समजत. फ्रेंचांनी या क्रियेला त्या पक्ष्याच्याच नावावरून शब्द घडवला आहे. इंग्लंडात डुकराच्या रक्ताची, ओटचे पीठ घालून केलेली काळी सांडगी न्याहारीला मिळते. तिला कोणी नावे ठेवीत नाही. आमच्या खेड्यात मात्र बकऱ्याचे रक्त गोठवून कांद्याबरोबर परतले की ती 'रक्ती' झाली, आणि रक्ती खाणाऱ्याची जात लोकांना लगेच आठवली. श्रीमंताने कुजवलेले मांस पक्वान्न आणि गरिबाने खाल्लेले मेलेल्या ढोराचे मांस विटाळ, असा हा हिशेब आहे.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे योग्यच आहे, की किळस जर निव्वळ सवयीची गोष्ट असेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडला मृत जनावराचे मांस सोडून द्या असे आपल्या लोकांना का बजावले? त्याच वर्षी डिसेंबरात स्त्रियांपुढे बोलतानाही त्यांनी हे मांस घरात शिजू देऊ नका असे का सांगितले?

याचे उत्तर मला तरी चवीत सापडत नाही. गावात मेलेले ढोर ओढून नेणे हे महाराचे काम होते, आणि त्याचे मांस हा त्याचा 'हक्क' होता. हक्क शब्द फसवा आहे. जो नाकारता येत नाही त्याला हक्क म्हणत नाहीत. फेझंट टांगणाऱ्या उमरावाला उद्या ताजा पक्षी खाण्यास कोणी अडवीत नव्हते. ढोर ओढणाऱ्याला 'आज मी येत नाही' एवढे म्हणण्याची सोय नव्हती.

हा प्रश्न बाबासाहेबांनी याच नागपुरात, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात पुन्हा काढला होता. ढोरे ओढणे सोडल्यामुळे तुमच्या लोकांचे कातडे, शिंगे, मांस यांचे उत्पन्न बुडते, वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब त्यांच्या टीकाकारांनी मांडला होता. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की एवढा फायदा आहे तर तो तुम्हीच का घेत नाही? घ्या, वर पाचशे रुपये मी देतो. त्या हिशेबनीसांपैकी कोणी पुढे आला नाही.

आणि आता या गोष्टीचे पुढचे पान. 2015 साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक निघाले. मराठवाड्यातील महार आणि मांग यांच्या घरचे खाणे त्यात आहे. रक्ती आहे, मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या आहेत, तेल परवडत नसे तेव्हा चरबीवर कसे भागवीत तेही आहे. आपल्या कपाटातली 'रुचिरा' काढून पाहा. चान्यांची कृती त्यात मिळायची नाही. पाटोळ्यांनी कृती दिल्या आणि त्या अन्नामागची समाजव्यवस्थाही सांगितली. 2024 मध्ये पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर झाले.

ज्या अन्नाच्या आठवणीनेही मान खाली जावी असे जगाने ठरवले होते, ते एका पिढीने स्वाभिमानासाठी सोडले आणि पुढच्या पिढीतल्या एका माणसाने साहित्य आणि कृतीसह लिहून ठेवले. वरवर पाहता या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध दिसतात. मला त्या तशा वाटत नाहीत. सोडणाऱ्यालाही कोणाला विचारावे लागले नाही आणि लिहिणाऱ्यालाही नाही. आणि आज त्या घरांतला एखादा मुलगा चान्यांना हात लावणार नाही, दुसरा आजीकडून त्या मागून खाईल, आणि दोघेही एकाच ताटाशेजारी बसून जेवतील.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, आणि भोजनाची वेळही होत आली आहे.